एका पानाचे वाटेकरी किती?

संगणकावर एकाच वेळी चालू असलेल्या सर्व प्रोग्रामांनी किती मेमरी व्यापली आहे याचे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली, तर ती पुष्कळदा संगणकात प्रत्यक्ष बसवलेल्या मेमरीपेक्षा जास्त भरते. यंत्रात बिघाड नसतो आणि आकडेही खोटे नसतात. मेमरीचा एकच तुकडा दहा प्रोग्राम सामाईक वापरत असले तर तो दहाही जणांच्या नावावर पूर्णच्या पूर्ण दाखवला जातो, एवढेच त्याचे कारण असते. हा हिशेब नीट लागायचा तर प्रत्येक तुकडा या क्षणी किती ठिकाणी जोडलेला आहे हे कोणीतरी अखंड मोजत राहावे लागते, आणि ते काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे असते. अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र चालणाऱ्या लिनक्स कर्नलमध्ये ही मोजणी कशी होते हे पाहिले, म्हणजे ‘एक मिळवा, एक वजा करा’ इतक्या सोप्या दिसणाऱ्या कामात वीस वर्षांहून अधिक काळ अत्यंत हुशार माणसांची डोकी का गुंतून पडली आहेत, ते ध्यानात येते.

कर्नल मेमरीचे व्यवहार एकेका बाइटच्या हिशेबाने करत नाही. सगळी मेमरी तो समान आकाराच्या तुकड्यांत विभागतो, त्या तुकड्याला ‘पान’ म्हणतात आणि बहुतेक संगणकांत एक पान ४०९६ बाइटांचे, म्हणजे चार किलोबाइटचे असते. चालू प्रोग्रामला, ज्याला तांत्रिक भाषेत प्रक्रिया म्हणतात, ही खरी पाने थेट दिसत नाहीत. तिला स्वतःचे असे पत्त्यांचे एक काल्पनिक विश्व दिलेले असते आणि त्या विश्वातला कोणता पत्ता कोणत्या खऱ्या पानावर जातो याच्या नोंदी कर्नल त्या प्रक्रियेच्या ‘पान-तक्त्या’त ठेवतो. तक्त्यातील अशी एक नोंद म्हणजे एक जोडणी, किंवा तंत्रज्ञ म्हणतात त्याप्रमाणे एक मॅपिंग. १६ गिगाबाइट मेमरीच्या संगणकात अशी ४१,९४,३०४ पाने असतात आणि प्रत्येक पानासाठी कर्नल साधारण ६४ बाइटांचे एक टिपण स्वतःजवळ बाळगतो. म्हणजे केवळ टिपणांतच २५६ मेगाबाइट खर्ची पडतात. या टिपणात एखादा आकडा नव्याने घालावा असे कोणी सुचवले की कर्नलच्या रखवालदारांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या या गुणाकारामुळे.

एका पानाला अनेक जोडण्या होण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. बहुतेक सर्व प्रोग्रामांना लागणारी सामाईक लायब्ररी, उदाहरणार्थ सी भाषेची प्रमाण लायब्ररी, मेमरीत एकदाच आणली जाते आणि शेकडो प्रक्रियांच्या पान-तक्त्यांतून तिच्या त्याच पानांकडे बोट दाखवले जाते. दुसरा मार्ग अधिक नाजूक आहे. युनिक्स परंपरेत नवी प्रक्रिया जन्माला येते ती जुन्या प्रक्रियेची हुबेहूब प्रत म्हणून, आणि या क्रियेला ‘फोर्क’ म्हणतात. पण प्रत काढताना सगळी पाने खरोखर उतरवून घेतली तर वेळ आणि मेमरी दोन्ही वाया जातील, म्हणून कर्नल मूळ आणि अपत्य या दोघांच्या तक्त्यांत तीच पाने नोंदवतो, त्यांच्यावर ‘केवळ वाचनासाठी’ असा शिक्का मारतो आणि दोघांपैकी कोणी लिहू लागले तरच त्या एका पानाची वेगळी प्रत काढून देतो. ‘लिहिताना प्रत’, म्हणजे कॉपी-ऑन-राइट, नावाची हीच ती युक्ती. अँड्रॉइड फोनमध्ये ‘झायगोट’ नावाची एक प्रक्रिया सुरुवातीलाच सर्व आवश्यक सामग्री मेमरीत भरून तयार बसते आणि एखादे ॲप उघडले की तिचेच फोर्क होऊन नवे ॲप उभे राहते; बोट टेकवताच ॲप उघडते यात या सामाईक पानांचा वाटा मोठा आहे.

जोडण्यांची मोजदाद पानाच्या टिपणातील चार बाइटांच्या एका आकड्यात होते, त्याला मॅपकाउंट म्हणतात. साध्या पानाच्या बाबतीत पान-तक्त्यात नोंद झाली की आकडा एकाने वाढतो आणि नोंद पुसली की एकाने घटतो. मात्र एकही जोडणी नसलेल्या पानाचा आकडा शून्य नसून उणे एक असतो आणि पहिली जोडणी झाल्यावर तो शून्यावर येतो. हे विचित्र वाटले तरी त्यामागचा विचार पक्का आहे. कर्नलला दोन क्षण अचूक पकडायचे असतात, पहिली जोडणी होण्याचा आणि शेवटची जोडणी तुटण्याचा, कारण ‘जोडलेल्या पानांची एकूण संख्या’ यासारखे आकडे तेवढ्या दोन क्षणीच बदलायचे असतात. प्रोसेसर कोणतीही बेरीज-वजाबाकी केल्यावर उत्तर शून्य आले की नाही आणि उणे आले की नाही हे विनासायास सांगतो. मोजणी उणे एकपासून सुरू केली की वाढवल्यावर शून्य येणे म्हणजे पहिली जोडणी आणि घटवल्यावर उणे येणे म्हणजे शेवटची जोडणी तुटणे, असे दोन्ही प्रश्न त्या फुकटच्या माहितीवर सुटतात. अनेक प्रोसेसर एकाच वेळी त्या आकड्याला हात घालत असताना अशी बचत क्षुल्लक राहत नाही. काटकसर इथेच थांबत नाही: जी पाने कोणत्याही प्रक्रियेला जोडलीच जाणार नसतात, त्यांच्या टिपणातील हेच चार बाइट पानाचा प्रकार लिहून ठेवण्यासाठी वापरले जातात.

मेमरी अपुरी पडू लागली की कर्नलला काही पाने रिकामी करावी लागतात आणि त्यासाठी त्या पानाची प्रत्येक जोडणी आधी तोडावी लागते. मॅपकाउंट जोडण्या किती आहेत हे सांगतो, पण कोणाच्या आहेत हे सांगत नाही. ते शोधण्यासाठी उलट दिशेने, म्हणजे पानाकडून प्रक्रियांकडे, जाणारी वेगळी व्यवस्था असते आणि तिच्या आधारे एकेक तक्ता गाठून नोंद पुसली जाते, आकडा तळाला पोहोचला की शोध थांबवता येतो. पान मोकळे करून पुन्हा वापरात देताना जर त्याचा मॅपकाउंट तळाला नसेल, तर कुठेतरी कोणीतरी अजून त्या पानाकडे बोट दाखवत आहे असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी कर्नल ‘पानाची स्थिती बिघडलेली आहे’ असा इशारा आपल्या रोजनाम्यात लिहितो, आणि यंत्रांची देखभाल करणाऱ्यांना तो दिसला की त्यांची झोप उडते, कारण मोजणीतील एका चुकीचा अर्थ एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याच्या हाती लागणे असाही होऊ शकतो.

सुरुवातीच्या बेरजेचे कोडेही याच आकड्याने सुटते. प्रक्रियेला जोडलेली सर्व पाने सरसकट मोजणाऱ्या आकड्याला आरएसएस म्हणतात. बेरीज फुगते ती याची. २००८ साली लिनक्समध्ये पीएसएस हा दुसरा आकडा आला, त्यात प्रत्येक पानाचा आकार त्याच्या मॅपकाउंटने भागून जेवढा वाटा येईल तेवढाच त्या प्रक्रियेच्या नावावर धरला जातो. एखाद्या प्रक्रियेची स्वतःची १०० पाने असतील आणि आणखी ३०० पाने ती इतर दोन प्रक्रियांबरोबर सामाईक वापरत असेल, तर तिचा आरएसएस ४०० पानांचा आणि पीएसएस २०० पानांचा होतो. ती बंद केल्यास मोकळी होतील ती मात्र १०० पानेच. एकाच प्रश्नाची तीन उत्तरे, तिन्ही खरी. या भागाकारात अपूर्णांक येतात आणि कर्नल आपल्या कामात दशांश-गणित टाळतो, म्हणून आकडा आधी ४०९६ पटीने मोठा करून मग भागायचा आणि शेवटी पुन्हा लहान करायचा, अशी सोय तेथे केलेली आहे.

मॅपकाउंटच्या शेजारीच प्रत्येक पानाचा दुसरा एक आकडा असतो, रेफकाउंट. पान-तक्त्यातून होणारी जोडणी यातही मोजली जातेच, पण त्याखेरीज ज्या कोणी ते पान तात्पुरते किंवा कायमचे धरून ठेवले असेल त्या सर्वांची नोंद यात होते: फाइलींचा साठा, दोन प्रक्रियांमधील माहितीची नळी, म्हणजे पाइप, नेटवर्क-कार्डाकडे चाललेली रवानगी, हे सर्व धारक यात येतात. रेफकाउंट शून्यावर आला तरच पान मोकळे होते. सातबारा वाचण्याची सवय असलेल्यांना हा भेद लगेच उमगेल: वर भोगवटादारांची नावे असतात आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजे असतात, आणि नाव एकट्याचेच आहे एवढे पाहून जमीन निर्वेध समजणारा माणूस फसतो. लिनक्स कर्नल नेमका असाच फसत होता आणि ते २०२० मध्ये उघडकीस आले.

प्रश्न होता ‘लिहिताना प्रत’ या युक्तीतला. सामाईक पानावर कोणी लिहू लागले की कर्नलला ठरवावे लागते की प्रत काढायची, की लिहिणारा आता एकटाच उरला असल्याने त्याच पानावर लिहू द्यायचे. त्या काळी हा निर्णय मुख्यतः मॅपकाउंट पाहून घेतला जाई. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातील जान हॉर्न यांनी दाखवून दिले की अपत्य प्रक्रिया आधी सामाईक पान पाइपमध्ये सरकवू शकते आणि मग आपल्या तक्त्यातील जोडणी तोडून टाकू शकते. जोडणी तुटली की मॅपकाउंटनुसार मूळ प्रक्रिया एकटीच उरते. ती त्या पानावर काही गुप्त मजकूर लिहू लागली की कर्नल प्रत न काढता जागच्या जागी लिहू देतो. आणि अपत्य पाइपच्या दुसऱ्या टोकातून तो मजकूर निवांत वाचून घेते. मोजणीत चूक झालेली नव्हती. आकडा बरोबर होता, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता: ‘हे पान आणखी कोणाच्या तक्त्यात आहे काय’ हे विचारले गेले, आणि विचारायला हवे होते ते ‘हे पान आणखी कोणाला दिसू शकते काय’ हे.

त्याच वर्षी कर्नलच्या ५.९ या आवृत्तीत लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्णयाचा आधार बदलला: रेफकाउंट बरोबर एक असेल तरच जागच्या जागी लिहू द्यायचे, अन्यथा निमूटपणे प्रत काढायची. गळती थांबली, पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. रेफकाउंट कोणत्याही किरकोळ कारणाने क्षणभर वाढू शकतो आणि मग गरज नसताना प्रत निघते. नुसता वेळ वाया जाण्यावर हे भागले असते तर फारशी तक्रार नव्हती. परंतु एखादे उपकरण, समजा वेगवान नेटवर्क-कार्ड, एखाद्या पानात थेट माहिती ओतत असताना प्रक्रियेला त्या पानाऐवजी त्याची प्रत दिली गेली, तर उपकरण एकीकडे लिहीत राहते, प्रक्रिया दुसरीकडे वाचत राहते आणि ओतलेली माहिती तिला कधी दिसतच नाही. या तिढ्यावर रेड हॅट कंपनीतील डेव्हिड हिल्डनब्रँड यांनी काढलेला तोडगा २०२२ मध्ये ५.१९ या आवृत्तीत आला. हे पान केवळ याच प्रक्रियेचे आहे अशी खात्रीची खूण त्यात पानावरच केली जाते, फोर्कच्या वेळी पान सामाईक होणार असेल तर ती खूण पुसली जाते, आणि लिहिण्याच्या वेळी आधी ही खूण पाहिली जाते. निर्णयासाठी हवे होते ते ‘एकटा की अनेक’ एवढेच, आणि त्यासाठी आकड्यातून अर्थ काढत बसण्यापेक्षा ती माहिती स्वतंत्र लिहून ठेवणे अधिक सुरक्षित ठरले.

रेफकाउंटवर इतरही भार येऊन पडले आहेत. उपकरणाने दीर्घकाळ धरून ठेवलेले पान ओळखता यावे म्हणून अशा प्रत्येक धारणेला रेफकाउंटमध्ये एकाऐवजी १०२४ मिळवण्याची पद्धत २०२० मध्ये स्वीकारली गेली. १०२४ साध्या धारकांनी धरलेले पानही त्यामुळे ‘बहुधा उपकरणाने धरलेले’ असे भासते, पण ती चूक सुरक्षित बाजूची असल्याने खपवून घेतली जाते. आकडा ३२ बिटांचा असल्याने त्याला मर्यादाही आहे. सुमारे ४२९ कोटी वेळा पान धरले गेले तर आकडा फिरून शून्यावर येईल, आणि पान वापरात असतानाच मोकळे केले जाईल. एवढे धारक कोण निर्माण करणार, असे पूर्वी म्हणता येत होते. परंतु साधारण १४० गिगाबाइट मेमरी असलेल्या यंत्रावर ते शक्य आहे, हेही जान हॉर्न यांनीच निदर्शनास आणले आणि २०१९ मध्ये त्याचा बंदोबस्त झाला. तेव्हापासून धोक्याच्या ठिकाणी पान धरण्यापूर्वी आकडा शून्य किंवा उणे तर नाही ना हे तपासले जाते आणि असल्यास नव्या धारकाला सरळ नकार मिळतो.

मोजणे हे काम फुकट होत नाही, आणि त्याची किंमत मोठ्या यंत्रांवर कळते. एकाच आकड्यात शेकडो प्रोसेसर बदल करू लागले की तो आकडा असलेला मेमरीचा छोटा पट्टा एका प्रोसेसरच्या कॅशमधून दुसऱ्याच्या कॅशकडे सतत ओढला जातो आणि सगळे एकमेकांची वाट पाहत ताटकळतात. केवळ शून्यांनी भरलेले एक खास पान लिनक्समध्ये असते, प्रोग्रामने मागितलेल्या पण अजून न लिहिलेल्या जागेचे वाचन झाले की तेच दाखवले जाते. एके काळी याही पानाचे धारक मोजले जात आणि प्रचंड यंत्रांवर हाच एक आकडा अडथळा होऊन बसला. २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या आवृत्तीत ते पान अशा कामातून काढूनच टाकले गेले, पण मोठी, बहुतांशी रिकामी कोष्टके वाचणाऱ्या प्रोग्रामांची मेमरी त्यामुळे विनाकारण भरू लागली, आणि २००९ च्या अखेरीस २.६.३२ मध्ये ते परत आणले गेले, ते मोजणीतून वगळून. जे पान कधीच मोकळे करायचे नाही त्याचे वाटेकरी मोजण्याचे कारणच नव्हते.

खरी गुंतागुंत आली ती मोठ्या पानांबरोबर. चार किलोबाइटची ५१२ पाने सलग जोडून दोन मेगाबाइटचे एक मोठे पान केले की पान-तक्त्यात एकच नोंद पुरते आणि प्रोसेसरचा पत्ते शोधण्याचा वेळ वाचतो. प्रोग्रामच्या नकळत असे करण्याची सोय लिनक्समध्ये २०११ पासून आहे. परंतु २०१६ च्या फेररचनेनंतर तेच मोठे पान एका प्रक्रियेत अखंड, तर दुसऱ्या प्रक्रियेत सुट्ट्या पानांनी जोडलेले असू शकते. मग अखंड जोडण्यांचा एक आकडा आणि प्रत्येक सुट्ट्या पानाचा स्वतंत्र आकडा, असे ५१३ आकडे सांभाळणे आले, आणि ‘या मोठ्या पानाच्या एकूण जोडण्या किती’ या साध्या प्रश्नासाठी ते सगळे चाळणे आले. २०२२ च्या आरंभी ५.१६ या आवृत्तीत अशा पानसमूहांना ‘फोलिओ’ या नावाखाली एकसंध वागवण्याची पद्धत सुरू झाली, आणि २०२४ मध्ये ६.१० या आवृत्तीत संपूर्ण फोलिओच्या एकूण जोडण्यांचा एक वेगळा आकडा ठेवला जाऊ लागला.

तेवढ्यानेही जुना प्रश्न सुटत नव्हता. एकूण आकडा ५१२ असेल तर एकाच प्रक्रियेने ५१२ पाने जोडलेली असतील, किंवा ५१२ प्रक्रियांनी एकेक पान जोडलेले असेल. पहिल्या स्थितीत मालक एकटा आहे, दुसऱ्यात गर्दी आहे, आणि आकडा मात्र तोच. म्हणून २०२५ मध्ये ६.१५ या आवृत्तीत फोलिओच्या टिपणात दोन जागा राखून ठेवण्यात आल्या, त्यांत जास्तीत जास्त दोन प्रक्रियांच्या मेमरी-विश्वांचे क्रमांक आणि त्या प्रत्येकाच्या जोडण्यांची संख्या लिहिली जाते. एकाची संख्या एकूण संख्येइतकी भरली तर तो एकटा मालक. तिसरा आला आणि त्याला जागा मिळाली नाही, तर फोलिओ ‘बहुधा सामाईक’ ठरतो. पुढे तो तिसरा एकटाच उरला तरी कर्नलला ते कदाचित कळणार नाही. पण चूक होईल ती ‘सामाईक’ म्हणण्याची होईल, सामाईक फोलिओला एकट्याचा म्हणण्याची कधीच होणार नाही, आणि २०२० च्या अनुभवानंतर या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको. फोलिओतील सुट्ट्या पानांची मोजणी अजिबात बंद करण्याचा पर्यायही याच आवृत्तीत प्रायोगिक म्हणून देण्यात आला. तो निवडल्यास मोठ्या फोलिओंपुरता पीएसएस सरासरीने काढला जातो, म्हणजे प्रत्येक पानाचे खरे वाटेकरी न पाहता फोलिओच्या एकूण जोडण्या त्यातील पानांच्या संख्येने भागून येणारा अंदाज धरला जातो. वेगासाठी दिलेली ही किंमत रास्त आहे, कारण सुरक्षिततेचा निर्णय त्या अंदाजावर अवलंबून नाही, फक्त अहवालातील आकडा अवलंबून आहे.

ज्यांच्या संगणकावर लिनक्स आहे त्यांना ‘प्रॉक’ या निर्देशिकेत प्रत्येक प्रक्रियेच्या नावे असलेल्या ‘स्मॅप्स’ आणि ‘स्मॅप्स-रोलअप’ या फाइलींत आरएसएस व पीएसएस हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी पाहता येतात. कोणता प्रोग्राम किती मेमरी खातो याची तुलना किंवा बेरीज करायची असेल तर पीएसएस घ्यावा. आणि प्रोग्राम बंद केल्यावर किती मेमरी सुटेल हे पाहायचे असेल, तर त्याच फाइलींतील ‘प्रायव्हेट’ या नावाने सुरू होणाऱ्या ओळी वाचाव्यात.